वेगवेगळे मोजे घालून झाले, पुढे काय?

कट्ट्यावरची | २ मार्च, रात्री १०:४०

ठाण्यात आमची ११२ फ्लॅट्सची सोसायटी आहे. मी सांस्कृतिक समितीत आहे, म्हणजे गणपतीत खुर्च्या मोजते आणि कोजागरीला दूध नासणार नाही हे बघते. गेल्या वर्षी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की २१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिन असतो आणि त्या दिवशी पाठिंबा म्हणून दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतात. झालं, सगळ्यांनी घातले. ग्रुपवर त्रेचाळीस फोटो आले.

आमच्याच मजल्यावर डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा राहतो. सगळे त्याला बाळू म्हणतात. वय २४. त्याला फोटोसाठी खाली बोलावलं तर तो चपला घालून आला. मार्चमधल्या ठाण्यात घरी असलेला कुठला शहाणा माणूस मोजे घालतो? तो आमच्या पायांकडे बघत राहिला. त्याची आई "छान केलंत हं" म्हणाली आणि त्याला घेऊन वर गेली. ते "छान केलंत" मला वर्षभर टोचतंय.

यंदा सेक्रेटरी म्हणतायत केक कापू आणि त्याच्या आईवडिलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मला हे पटत नाहीये, पण "मग तूच सुचव" म्हटल्यावर मी गप्प बसले. इथे कुणाच्या घरात, नात्यात अशी व्यक्ती असेल तर मोकळेपणी सांगा. शेजाऱ्यांनी काय केलं तर बरं वाटेल?

उंडगा | २ मार्च, रात्री १०:५८

दोन पायांत दोन वेगळे मोजे? बायकोच्या मते मी बारा महिने पाठिंबा देतोय.

निंबोणी | २ मार्च, रात्री ११:१५

उंडगा :)

पण मोजेच का, हे मला खरंच माहीत नाही. टोपी का नाही, उपरणं का नाही?

डॉ. खडीसाखर | ३ मार्च, सकाळी ७:०५

सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोज्यांच्या जोडीसारखी दिसतात, म्हणून. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्यांमध्ये. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन असतात, एकूण ४७. एकविसावं गुणसूत्र तीनदा, म्हणून तारीख २१/३. संयुक्त राष्ट्रं हा दिवस २०१२ पासून पाळतात.

आणि 'डाउन' म्हणजे खाली, कमी असं काही नाही. १८६६ मध्ये ज्यांनी या लक्षणांचं वर्णन केलं त्या जॉन लँग्डन डाउन या इंग्लिश डॉक्टरांचं ते आडनाव. ओपीडीत दर महिन्याला एखादे आजोबा विचारतात, "डाउन आहे, मग अप कधी होणार?" जास्तीच्या गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये पॅरिसहून जाहीर झाला. नाव गाजलं लेज्यून यांचं. पेशी वाढवण्याचं किचकट काम मार्त गोतिए या बाईंनी केलं होतं, त्या राहिल्या मागे. असो, तो वेगळा धागा.

लगेच सांगून टाकतो, कारण पुढे कुणीतरी विचारणारच: हे कुणाच्या चुकीमुळे होत नाही. ग्रहणात भाजी चिरल्यामुळे नाही, पपई खाल्ल्यामुळे नाही. आईचं वय पस्तिशीपुढे असेल तर शक्यता वाढते हे खरं. पण तरुण बायकांना मुलंच जास्त होतात, त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेली बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात. "उशिरा लग्न केलंस ना" म्हणणाऱ्या सासवांसाठी ही ओळ छापून ठेवा.

मधुराआई | ३ मार्च, दुपारी २:२०

कट्ट्यावरची, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. तुमच्या शेजारणीचं "छान केलंत" मी हजारदा म्हटलंय, त्यामुळे त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. त्यात राग नसतो. समोरच्याचा उत्साह मोडायचा जिवावर येतं, एवढंच.

लेक झाली तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला सांगितलंच नाही. नवऱ्याला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "आईला एवढ्यात कळू देऊ नका." दोन दिवस माझ्या खोलीत सगळे कुजबुजत होते. बाळ गेलं असावं आणि हे लपवतायत, असंच मला वाटत होतं. मग कळलं आणि मला हायसंच वाटलं! आहे की जिवंत. नंतर हृदयाला छिद्र निघालं, सातव्या महिन्यात ऑपरेशन झालं, ती सगळी वेगळी कहाणी.

घरी आल्यावर लोक आले ते मयताला येतात तसे. आवाज खाली, पायरव नाही, "काही लागलं तर सांगा". पेढ्यांचं नाव कुणी काढलं नाही, आम्हीही आणले नाहीत. बाराव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. पाळण्यात वाकून म्हणाल्या, "अगं बाई, नाक आजोबांचं घेतलंय की! नाव काय ठेवताय?" तोवर नाव कुणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही नाव ठरवलं.

तुम्ही विचारलंत ना काय केलं तर बरं वाटेल? हे. बाळाला बाळासारखं बघा.

आणि शाल कृपया नको. मी काही पराक्रम केलेला नाही, मुलगी वाढवतेय. शालींचा मला राग नाही, पण आमच्या कपाटात अशा तीन आहेत आणि चार वर्षांत शाळेतल्या मुलांच्या वाढदिवसांची आमंत्रणं आलीत दोन. एका शालीच्या बदल्यात एक आमंत्रण मिळत असेल तर तिन्ही देते.

परदेशी पाखरू | ३ मार्च, दुपारी २:४८

मधुराआई, आमंत्रणांचा हिशोब वाचून घशात अडकलं. आमच्याकडे न्यू जर्सीतही तेच आहे, फक्त नकार गोड हसून देतात.

अण्णा सांगलीकर | ३ मार्च, सायंकाळी ६:३०

ताई, तुमचं लिखाण मनाला भिडलं. ही लेकरं म्हणजे देवाची लेकरं. कपट नाही, हेवा नाही, कायम हसतमुख. ज्यांच्या घरी जन्म घेतात ते घर भाग्याचं.

मधुराआई | ३ मार्च, सायंकाळी ७:१०

अण्णा, भावना पोचली. पण या देवाच्या लेकराने काल भेंडी बघून डबा भिंतीवर मारला आणि धाकट्या भावाचं नाव सांगितलं. कपट शिकायला थेरपिस्ट लागला नाही.

उंडगा | ३ मार्च, सायंकाळी ७:१२

भेंडीच्या बाबतीत माझा तिला जाहीर पाठिंबा.

निंबोणी | ३ मार्च, रात्री ९:००

मी विशेष शिक्षिका आहे, अठरा वर्षं झाली. अण्णा, तुमच्यावर रोख नाही, पण "कायम हसतमुख" या दोन शब्दांनी आमच्या मुलांचं फार नुकसान केलंय. वर्गातला एक मुलगा महिनाभर चिडचिड करत होता. घरचे म्हणत, "तो असा नाहीये, तो आनंदी असतो." तपासलं तेव्हा दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. ऐकूच येत नव्हतं त्याला. कुणी कान बघितले नाहीत, कारण तो आधी हसायचा. थायरॉइडचंही तसंच. मूल सुस्तावलं की लोक म्हणतात, "यांचं असंच असतं."

सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी एकच गोष्ट सांगते. यांना जेवढं बोलता येतं त्यापेक्षा समजतं कितीतरी जास्त. जिभेचे, तोंडाचे स्नायू सैल असतात, शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण प्रश्न विचारतो, दोन सेकंद थांबतो आणि त्याच्या आईकडे वळतो. त्याचं वाक्य तोवर अर्ध्या वाटेवर आलेलं असतं. मनात दहापर्यंत मोजा. पहिले काही दिवस फार लांब वाटतात ते दहा आकडे.

स्पष्टवक्ता | ३ मार्च, रात्री १०:२५

सगळं ठीक आहे, पण कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आता गरोदरपणातल्या चाचण्या आहेत, डबल मार्कर आहे, एनआयपीटी आहे. आधीच कळतं. मग हे सगळं टाळता येतंच की. पालकांच्या आणि मुलाच्याही भल्याचं आहे ते.

मधुराआई | ३ मार्च, रात्री १०:४०

माझी मुलगी तिसरीची पुस्तकं वाचते. हा प्रतिसाद तिला वाचता येईल.

तिरफळ | ३ मार्च, रात्री १०:४४

वरच्या प्रतिसादावर काही लिहिणार होतो. आता नको.

डॉ. खडीसाखर | ४ मार्च, सकाळी ६:५०

स्पष्टवक्ता, तांत्रिक बाजू तेवढी सांगतो. तुम्ही नावं घेतलीत त्या चाळणी चाचण्या आहेत. त्या शक्यता सांगतात, निदान करत नाहीत. निदानासाठी गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासावा लागतो. त्यानंतर काय करायचं हा त्या जोडप्याचा निर्णय आहे. कायद्याने त्यांना तो अधिकार दिलाय आणि मी तो कुणाच्याही वतीने घेत नाही, ना या बाजूने, ना त्या. माझी तक्रार एवढीच की त्या दहा मिनिटांत जोडप्याला फक्त आजारांची यादी मिळते. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आज ते साठीच्या आसपास आहे. मोठा फरक पडला तो हृदयाची ऑपरेशनं वेळेवर होऊ लागल्यामुळे, कारण जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो. हे त्यांना कुणी सांगत नाही. शाळेत जाणारी, नोकरी करणारी एखादी व्यक्तीही दाखवत नाही.

आणि जन्मलेल्या माणसाबद्दलच्या चर्चेत "टाळता येतं" हा मुद्दा येतोच कशाला, हे मला कळत नाही.

प्रशासक | ४ मार्च, सकाळी ९:००

गर्भजल चाचणी आणि गर्भपात या विषयासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नावर लिहा.

अण्णा सांगलीकर | ४ मार्च, सकाळी ११:१५

निंबोणीताईंचं वाचून रात्रभर डोक्यात घोळत होतं. मी हसतमुख लिहिलं ते माझ्या चुलतभावावरून. तो आता बावन्न वर्षांचा आहे. आमच्या गावात त्याला डाउन सिंड्रोम आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. शब्दच माहीत नव्हता. एका डॉक्टरने लहानपणी "मंगोल बेबी" म्हटलेलं, त्याचा अर्थ कुणाला कळला नाही. आम्हाला एवढंच माहीत की हा जरा हळू आहे.

पंचवीस वर्षं तो रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर जायचा. आमच्या घरच्याच नव्हे, गल्लीतल्या सहा घरांच्या. कुणाची किटली कोणती, ते झाकणावरच्या पोच्यावरून ओळखायचा. फॅट किती लागलं ते येऊन सांगायचा, आकडा कधी चुकला नाही. महिन्याला प्रत्येक घर पैसे द्यायचं. त्याला पाठिंबा द्यावा, दिन पाळावा असं कुणाच्या मनात आलं नाही. गरजच वाटली नाही. शहरात सगळ्याचा कार्यक्रम होतो.

निंबोणी | ४ मार्च, दुपारी १२:०५

अण्णा, किटल्यांचं वाचून फार छान वाटलं. पण विचारते, रागावू नका. तो शाळेत किती शिकला? हृदय कधी तपासलं?

अण्णा सांगलीकर | ४ मार्च, दुपारी १:३०

दुसरीपर्यंत. गुरुजी म्हणाले नका पाठवू, बाकीची पोरं हसतात. पोरं विहिरीपाशी त्याची चप्पल लपवायची. त्या पोरांत मीही होतो. हृदय कधीच तपासलं नाही, नशिबाने काही निघालं नसावं. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

आता एक वेगळंच चाललंय. गेल्या वर्षापासून तो डेअरीची वाट विसरतो. निम्म्यातून परत येतो. किटल्या अदलाबदल करतो. काकू म्हणते वयाने होतं. बावन्न हे काय वय आहे का?

डॉ. खडीसाखर | ४ मार्च, दुपारी २:१०

अण्णा, हे मनावर घ्या. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर, बऱ्याचदा पन्नाशीतच सुरू होतो. त्याचा संबंध त्याच एकविसाव्या गुणसूत्राशी आहे. मेंदूत जे प्रथिन साचतं त्याचं जनुक त्यावरच असतं. पण तोच असेल असं गृहीत धरू नका. थायरॉइड कमी पडला, ऐकू कमी आलं, मोतीबिंदू झाला, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा मन खचलं असेल, तरी माणूस असाच गोंधळतो आणि यांवर उपचार आहेत. आधी रक्त तपासून टीएसएच (थायरॉइडची चाचणी) बघा, मग कान, डोळे. सांगली-मिरजेत न्यूरॉलॉजिस्ट सहज मिळेल.

अण्णा सांगलीकर | ४ मार्च, दुपारी २:१५

शनिवारीच नेतो.

हिशोबनीस | ५ मार्च, सकाळी १०:००

मूळ प्रश्नाकडे. मी सीए आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पाठिंबा म्हणजे कागदपत्रं. हसू नका.

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान होते आणि आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. बौद्धिक अक्षमता असेल तर बँकेत, मालमत्तेच्या व्यवहारात अडचण येते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. बऱ्याच घरांना हे मूल तिशीचं होईपर्यंत माहीत नसतं. त्याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. बाहेरच्या विमा कंपन्या निदानाचं नाव ऐकूनच फाइल मिटतात, म्हणून हे महत्त्वाचं. जुन्या करप्रणालीत अशा मुलाच्या पालकांना प्राप्तिकरात ७५ हजारांची वजावट आहे, अक्षमता तीव्र असेल तर सव्वा लाखाची. वडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनात मुलाची नोंद जिवंतपणीच करून ठेवावी. मागाहून आईला खेटे घालावे लागतात. आणि या सगळ्याच्या आधी युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र.

यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते सुट्टी काढून, मुलाला घेऊन, रांगेत उभं राहणं, आणि एक झेरॉक्स कमी पडली म्हणून परत येणं. ११२ फ्लॅट्समध्ये एक वकील, एक सीए आणि एक निवृत्त सरकारी कर्मचारी सापडणार नाही, असं होणं शक्य नाही. एका शनिवारी ते तिघं त्या घरी चहाला जाऊ देत.

उंडगा | ५ मार्च, सकाळी १०:२०

निवृत्त सरकारी कर्मचारी मिळाला तर रांगेतल्या खिडकीच्या आतल्या बाजूचीही माहिती मिळेल.

परदेशी पाखरू | ५ मार्च, सायंकाळी ७:४०

वाचनखूण साठवली, हिशोबनीस. भावाला पाठवतो, भाची सतरा वर्षांची आहे.

माझा मुलगा बावीसचा. इथल्या शाळेत त्याला स्पीच थेरपी, मदतनीस, बस, सगळं मिळालं. भारतातले नातेवाईक म्हणतात, तुमचं काय, स्वर्ग आहे. एकविसाव्या वर्षी शाळेची सेवा संपली आणि एका सोमवारी सकाळी त्याला जायला कुठलीच जागा उरली नाही. आठ महिने घरी होता. आता किराणा दुकानात आठवड्याला बारा तास काम करतो, काउंटरच्या पट्ट्यावरून येणाऱ्या सामानाच्या पिशव्या भरतो. अंडी कधी तळाला ठेवत नाही. हे मला अजून जमत नाही.

एक खटकलं ते लिहितो. धागालेखिका, २४ वर्षांच्या माणसाला "बाळू"? सगळी सोसायटी? त्याचं नाव काय आहे?

कट्ट्यावरची | ५ मार्च, रात्री ९:३०

पाखरू, खरं सांगते, मला माहीत नाही. सहा वर्षं शेजारी राहतोय.

तिरफळ | ६ मार्च, सकाळी ८:१५

म्हापशाला आमची छोटी बेकरी आहे. तीन वर्षांपासून काउंटरवर एक सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, डाउन सिंड्रोम असलेली. तिची आई पाव न्यायला यायची, तिनेच विचारलं. मी दयेपोटी हो म्हटलं, हे कबूल करतो. पहिला महिना कठीण गेला. सुट्टे पैसे चुकायचे, दुपारी ती दमून जायची. मला वाटलं महिन्याने सांगू नको म्हणून. मग माझ्या बायकोने एक फळा केला. वरती पोयचं (आमच्याकडचा पाव) चित्र, शेजारी नाणी चिकटवलेली. दोन पोयांना किती, चारांना किती. आठवड्याभरात फळ्याकडे बघायचं बंद झालं. कामाच्या वेळा सकाळी सहा ते दहा केल्या. पगार ताशी बाकीच्यांएवढाच, बँकेत तिच्या खात्यावर.

आता तिचा त्रास वेगळा आहे. हात न धुता कुणी ट्रेला हात लावला तर ती दुकान डोक्यावर घेते. एकदा मलाच बाहेर काढलं. गिऱ्हाईकं तिला सोडून मला विचारतात, "हिला कळतं का?" पूर्वी मी उत्तर द्यायचो. हल्ली मी ओव्हनकडे वळतो. मग तीच म्हणते, "कळता. कितें जाय?" (कळतं. काय हवं?)

मुंबईत जुहूला अर्पण नावाचं कॅफे आहे, तिथे असेच तरुण काम करतात. बघून या, आणि आपल्या माणसाला कामावर ठेवायच्या आधी कामाचे तुकडे कसे पाडतात ते शिकून या. ते मी शिकलो असतो तर तिचा पहिला महिना सोपा गेला असता.

मधुराआई | ६ मार्च, सकाळी ९:००

"कळता. कितें जाय?" मी हे लेकीला शिकवणार आहे.

निंबोणी | ६ मार्च, दुपारी ३:२५

कुणीतरी पुण्याच्या गौरी गाडगीळचं नाव काढेल म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच काढते. पोहण्यात स्पेशल ऑलिम्पिक्सपर्यंत गेली, २०१४ च्या 'येलो' चित्रपटात स्वतःची भूमिका स्वतः केली. माझ्या वर्गातल्या पालकांना तिच्यामुळे फार बळ आलं. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. "तुमची मुलगी कशात एक्स्पर्ट आहे?" असं लोक विचारायला लागले. काही नाही हो. चपात्या लाटते, त्याही भारताच्या नकाशासारख्या. आपल्या मुलांनी पदकं आणावीत असा आपण कधी हट्ट धरतो का? (धरतो. बरं, ते सोडा.)

खेळाचा विषय निघालाच आहे तर, काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. कोलांटउड्या, उंचावरून सूर मारणं, मानेवर वजन घेणं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका. कौतुकाने उचलून गरगर फिरवणारे काकालोकही यात आले.

स्पष्टवक्ता | ६ मार्च, रात्री ११:५०

मधुराआई, तीन दिवस विचार करतोय. चाचणीबद्दलचं माझं मत तेच आहे. पण इथे, तुमच्यासमोर, तसं लिहायला नको होतं. माफी मागतो.

मधुराआई | ७ मार्च, सकाळी ७:३०

ठीक आहे. मतं राहू देत तुमच्यापाशी. मुलांना घेऊन कधी डोंबिवलीला आलात तर खेळायला या. भेंडी करणार नाही.

कट्ट्यावरची | ९ मार्च, रात्री १०:१०

आज शेवटी गेले शेजारी. हात रिकामे कसे न्यायचे म्हणून शिरा केला. त्याच्या आईला म्हटलं, मला तुमच्या मुलाशी बोलायचंय. ती म्हणाली, "बोला ना, काय विचारायचंय त्याच्याबद्दल?" मी म्हटलं, त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशीच. ती जरा गोंधळली आणि आत गेली.

मी विचारलं, २१ मार्चला सोसायटीत काय करू या? आणि दहा मोजले. सातव्या आकड्याला मीच बोलणार होते, ओठ चावले. मग तो म्हणाला, "मोजे नको." पुन्हा थांबले. "कॅरम." परत बराच वेळ. मग खिशातून मोबाइल काढला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ग्रुप. मी नाही."

आमच्या सोसायटीचा युवा ग्रुप आहे. अठरा ते पस्तीस वयोगटाचा. क्रिकेट, ट्रेक, नवरात्रीचे पास, सगळं त्यावर ठरतं. ६१ मेंबर आहेत. त्याला घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नको असं कुणी म्हटलेलं नाही. नुसतं डोक्यात आलं नाही.

त्याचं नाव विचारलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, फ्लॅट नंबर आणि पिनकोड, सगळं सांगितलं. इथे लिहीत नाही. भारदस्त नाव आहे.

उंडगा | ९ मार्च, रात्री १०:३०

मी पहिल्या दिवसापासून विनोद मारतोय, म्हणून हे लिहायला हवं. पाचवीत आमच्या वर्गात एक जण होता. त्याच्या बोलण्याची नक्कल मी भारी करायचो, सगळा वर्ग हसायचा. तोही हसायचा, म्हणून मला वाटायचं त्याला चालतं. वर निंबोणीचा कानाचा किस्सा वाचला तेव्हा तो आठवला. बस, एवढंच.

अण्णा सांगलीकर | १५ मार्च, दुपारी ४:००

कळवायचं राहिलं. थायरॉइड बराच कमी निघाला, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. स्मरणाचं नंतर बघू म्हणाले डॉक्टर, आधी हे. गोळ्या सुरू केल्यात. डेअरीच्या रस्त्यावर सकाळी मी सोबत जातो. किटल्या तोच उचलतो.

डॉ. खडीसाखर | १५ मार्च, सायंकाळी ५:२०

उत्तम. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.

कट्ट्यावरची | २२ मार्च, सकाळी ११:००

वृत्तांत द्यायचा राहून जाईल म्हणून लगेच लिहिते.

केक झाला नाही, सत्कार झाला नाही. शाल आधीच आणली होती, ती सेक्रेटरींच्या सासूबाईंना गेली. हिशोबनीसांनी सांगितल्याप्रमाणे सी विंगमधले निवृत्त तहसीलदार आणि एक वकीलबाई मागच्या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन आले. पालकत्वाचा अर्ज खरंच केलेला नव्हता. युडीआयडी होतं. आणि वडिलांच्या ऑफिसात निवृत्तिवेतनासाठी नोंद नव्हती. आता कामाला लागलेत.

ग्रुपचं प्रकरण मात्र सोपं गेलं नाही. एक अ‍ॅडमिन म्हणाला, "त्याला मेसेजेस झेपतील का, आमचं बोलणं कसंही असतं." मी म्हटलं, मग बोलणं सुधारा. दोन दिवस कुणी काही बोलेना. तिसऱ्या दिवशी घेतलं. प्रोफाइलवर त्याने नावाआधी 'श्री.' लावलंय, आणि आता लिफ्टमध्ये कुणी बाळू म्हटलं की तो ऐकू न आल्यासारखं करतो. वॉचमनने पहिल्यांदा पूर्ण नावाने हाक मारली तेव्हा थांबून त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

रोज पहाटे ५:४० ला गुड मॉर्निंग येतं. गुलाब, सूर्य, गणपती, कपबशी. एका मुलाने तक्रार केली. त्याचे वडील फॅमिली ग्रुपवर रोज अकरा पाठवतात, त्यामुळे कुणी दाद दिली नाही.

मधुराआई | २२ मार्च, सकाळी ११:०५

आणि कॅरम?

कट्ट्यावरची | २२ मार्च, सकाळी ११:२०

काल क्लबहाउसमध्ये चार बोर्ड लावले. एक स्ट्रोक घ्यायला त्याला दीड मिनिट लागतं. स्ट्रायकर ठेवतो, उचलतो, पावडर पुसतो, पुन्हा ठेवतो, एक डोळा मिटतो. पूर्वी कुणी खेळायला का घेत नव्हतं ते कळलं. दोघे तिघे उठून गेलेच. आम्ही थांबलो.

मी आणि सेक्रेटरी हरलो. क्वीन त्याने घेतली, कव्हरसकट.